हौद शोधत शोधत: कसबा ते मंडई, एका रविवारची पायपीट

टांगेवाला

मंडळी, गेल्या रविवारी आम्ही पाच जण पेठांमधून पायी हिंडलो. त्याचा हा वृत्तांत. लांबला आहे, चहा घेऊन बसा.

आधी कबुली. मी पुण्यात जन्मलो, चव्वेचाळीस वर्षं इथेच काढली, पण कसब्यात शेवटचा गेलो तो बहिणीच्या लग्नाची भांडी घ्यायला. एरवी आम्ही कोथरूडकर. 'गावात' जायचं म्हणजे लक्ष्मी रोड, आणि तोही दिवाळीच्या आधी, तोंड वाकडं करून.

निमित्त झालं आमच्या कट्ट्यावरच्या सिव्हिलवाल्याचं. हा बाबा जन्मभर पाण्याच्या लाइनी टाकतोय. एका संध्याकाळी मी म्हटलं, "फडके हौदापाशी भेटू." तो म्हणाला, "फडके हौद, फडके हौद करतोस, त्यातला हौद बघितलायस का कधी?" मी गप्प. मास्तर (भूगोल शिकवतात, आता निवृत्त) गप्प. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हौद? मला वाटलं ते आडनाव आहे."

मग ठरलं की हौदांच्या नावांमागे जायचं. अटी दोनच: रिक्षा करायची नाही आणि मोबाईलमध्ये रस्ता बघायचा नाही, माणसांना विचारत जायचं. दुसरी अट मास्तरांची. तिच्यामुळे वेळ दुप्पट लागला आणि मजा चौपट आली.

सकाळी सातला कसबा पेठेच्या मेट्रो स्टेशनातून वर आलो. जमिनीखालून सरकत्या जिन्याने वर यायचं आणि समोर एकदम शेंदूर लावलेला मारुती, दुधाच्या पिशव्यांचे क्रेट आणि अंघोळ करून गॅलरीत पंचा वाळत घालणारे आजोबा. पहिली पाच मिनिटं नुसतेच उभे होतो.

शनिवारवाड्यात गेलो नाही. शाळेच्या सहलीत सगळ्यांचा झालाय, आणि १८२८ च्या आगीनंतर आत जोती आणि बागच उरली आहे. पण दिल्ली दरवाजासमोर सिव्हिलवाल्याने आम्हाला उभं केलं आणि म्हणाला, "आपण पाण्याच्या उलट्या दिशेने निघालोय. पाणी इथे येऊन संपायचं." मग त्याने अर्धा तास जे सांगितलं ते मी आजवर कुठल्याही फलकावर वाचलेलं नाही.

वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० चा, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. सागवान जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीचा. सगळं बाहेरून आणलं, पण भरवशाचं पाणी नव्हतं. कात्रजच्या तलावाचं काम नानासाहेब पेशव्यांनी काढलं ते १७४९ च्या सुमारास. म्हणजे आधी वाडा, पाणी नंतर. "आजच्या सोसायट्यांसारखंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे रोज टँकर येतो.

कात्रजला दोन तलाव, एकाखाली एक. वरच्यात गाळ बसायचा, निवळलेलं पाणी खालच्यात उतरायचं. तिथून जमिनीखालून दगड-चुन्याचा बांधीव नळ थेट गावात. पंप नाही, चाक नाही, मोट नाही. नुसता उतार. सिव्हिलवाल्याचा सगळा जीव त्या उतारात अडकलेला. "जास्त उतार दिला तर पाणी नळ खरवडून टाकतं, कमी दिला तर गाळ धरतं. आणि हे त्यांनी आठ-दहा किलोमीटर सांभाळलंय," असं म्हणताना त्याचा आवाज बदलला. वाटेत ठिकठिकाणी जमिनीवर डोकं काढलेले उच्छ्वास, म्हणजे हवा खेळायला आणि माणूस आत उतरून साफसफाई करायला बांधलेली धुराडी. गावात शिरल्यावर पाणी हौदाहौदांतून वाटलं जायचं. वाड्यातलं हजारी कारंजं उडायचं तेही याच पाण्याच्या जोरावर.

पुढे कसबा गणपती. दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, निघालो. पहिला हौद साततोटीचा. नावावरून सात तोट्यांचा असावा, एवढं शाळकरी पोरालाही कळेल. एका काकांना विचारलं, "साततोटी कुठे?"
"ही काय, साततोटीतच उभे आहात."
"हौद कुठंय?"
"चौकी आहे की समोर."
"चौकी दिसली. हौद?"
काकांनी आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही पुढे सटकलो.

तांबट आळी आम्हाला सापडली ती कानांनी. रविवार, त्यामुळे बहुतेक दारं बंद, पण एका ठिकाणी ठोके चालू होते. ठक-ठक-ठक, मध्ये अर्धा श्वास, पुन्हा ठक-ठक-ठक. आत एक साठीचे गृहस्थ जमिनीवर बसून लोखंडी दांड्यावर घंगाळ फिरवत होते. एका हाताने भांडं केसभर पुढे सरकवायचं, दुसऱ्या हाताने हातोडी मारायची. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून, पण त्याच्यावर नाही. चकाकत्या तांब्यावर नखाएवढ्या खळ्यांची ओळ गोल गोल चढत होती. याला मठारकाम म्हणतात. मला आजवर ते नक्षीकाम वाटायचं. त्यांनी समजावलं की भट्टीत तापवून घडवलेलं तांबं मऊ असतं, ठोके बसले की ते कडक होतं, मग पत्रा पातळ असूनही भांडं वाकत नाही. दिसायला छान ही वरकमाई. बोलताना हात थांबला नाही आणि त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही. मास्तरांनी विचारलं, "ठोके मोजता का?" ते म्हणाले, "चुकला की ऐकू येतो."

आळीत आता बंबाला गिऱ्हाईक नाही हे ओघानेच आलं. तांब्याच्या बाटल्या आणि हॉटेलांतली शोभेची भांडी यांवर चाललंय. मी एक लोटी घेतली. बायकोने "घासणार कोण?" एवढंच विचारलं.

इथे एक चूक सांगून टाकतो. तिथून फडके हौदाकडे येताना एका वाड्याचं दार उघडं दिसलं. दिंडी, आत फरसबंद चौक, तुळस, लाकडी खांब, वर कडीपाट. मी मोबाईल काढला आणि देवडी ओलांडून आत पाय टाकला. वरून आवाज आला, "काय हवंय?" एक आजी कठड्यावर. मी म्हटलं, "काही नाही, वाडा बघतोय." त्या म्हणाल्या, "दार उघडं आहे म्हणजे दुकान नाही." मोबाईल खिशात घालून मागे फिरलो. घरी येईपर्यंत मंडळी मला त्या वाक्याने छळत होती.

फडके हौद चौकात तीन माणसांना विचारलं, तिघांनी तीन दिशा दाखवल्या. आम्हाला तरी हौद दिसला नाही. मग बोहरी आळीतून, कुलपं-साखळ्या-दोर यांच्या दुकानांसमोरून, सोन्या मारुती चौकावरून लक्ष्मी रोडला लागलो. भिडे वाड्याच्या कोपऱ्यावर डॉक्टरीणबाई थांबल्या. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा. वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, तिथे स्मारक व्हायचं आहे. त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही काही बोललो नाही. नंतर बेलबाग, तुळशीबागेत रामाचं दर्शन, विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब रस्त्यावरूनच, आणि शेवट मंडईत.

हिशोब: सहा किलोमीटर, पाच तास, तीन चहा, एक मिसळ, हौद शून्य.

---

चहाबाज

झकास! वाखूसा (वाचनखूण साठवली). तीन चहा पाच तासांत म्हणजे उपासच घडला म्हणायचा. फोटो कुठेत?

---

गुडघेदुखी

छान लिहिलंय. आईला न्यायचं आहे, वय ७२, चालते पण जिने नकोत. जमेल का? आणि गाडी कुठे लावली?

---

टांगेवाला

@गुडघेदुखी, गाडी नेऊच नका, मेट्रोने या. कसबा पेठ स्टेशनात लिफ्ट आहे, मंडई स्टेशनातही आहे. मधला रस्ता सपाट आहे, पण फूटपाथ नावाची वस्तू नाही. सकाळी नऊच्या आत उरका, नंतर दुचाक्या अंगावर येतात. आईंना कसबा गणपती ते तांबट आळी एवढंच दाखवा, पुरे होतं.

@चहाबाज, फोटो चढवतो. निम्मे सिव्हिलवाल्याने काढलेत, त्यामुळे सगळे ड्रेनेजच्या झाकणांचे आहेत.

---

बखळ

धागा आवडला. सिव्हिलवाल्या मित्राला माझ्यातर्फे एक मिसळ.

लोक म्हणतात पेठा पेशव्यांनी वसवल्या. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण पुढच्या दोन प्रतिसादांत कुणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगतो. कसबा तर फार जुना. पण वारांच्या पेठांतल्याही बऱ्याच आधीपासून होत्या, फक्त नावं वेगळी. शनिवार पेठ म्हणजे मुर्तझाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर. वारांची नावं नंतर चिकटली. पेशवाईत जी भर पडली ती सदाशिव, नारायण, नाना, रास्ता, घोरपडे अशा माणसांच्या नावांच्या पेठांची. म्हणून नकाशा बघितलात तर मध्ये आठवडा आणि कडेने सरदार.

आणखी एक. तुम्ही नागझरी ओलांडली नाहीत, ही चूक केलीत. जुन्या गावाची पूर्वेची हद्द म्हणजे तो नाला. आता त्याच्यावरून जाताना नाक धरावं लागतं, पण पलीकडे सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. १७५४ साली भीमजीगिरी गोसावी यांनी काम सुरू केलं. अख्खं काळ्या दगडाचं. मूर्तीला तीन सोंडा आणि वाहन मोर. दर्शनी भिंतीवर गोरे शिपाई गेंड्याला साखळदंडाने बांधताहेत असं शिल्प आहे. अठराव्या शतकातल्या पुण्यातल्या देवळावर गेंडा! त्याचे अर्थ लावणारे बरेच भेटतील, मी लावत नाही. नुसता बघायला जातो.

---

खडकीकर

आधी खुलासा: खडकी म्हणजे आमची जुनी खडकी, आताचं छत्रपती संभाजीनगर. तुमची दारूगोळ्याची नव्हे.

पुणेकरांना उगीच चिडवायचं नाही, पण हे उताराचं पाणी मलिक अंबरने आमच्याकडे कात्रजच्या सव्वाशे वर्षं आधी आणलं. नहर-ए-अंबरी. नंतरच्या पाणचक्कीत अजूनही डोंगरातून नळाने आलेलं पाणी भिंतीवरून हौदात पडताना बघायला मिळतं. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही तिथे नुसते तुषार अंगावर घ्यायला जायचो. तुमच्या सिव्हिलवाल्यांना पाठवा. आल्यावर नान-खलियाची सोय माझ्याकडे.

---

टांगेवाला

@खडकीकर, त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "हौद नंतर, आधी नान-खलिया." डिसेंबरात येतो.

---

पेठकरीण

मी या धाग्यावर लिहिणार नव्हते, पण त्या आजींचं वाक्य वाचून राहवेना. त्या माझ्या कुणी नाहीत, पण असू शकल्या असत्या.

आमचा वाडा नारायण पेठेत. एके काळी चौदा बिऱ्हाडं होती, आता तीन उरलीत. जिना चढताना भिंतीला हात लावायचा नाही, माती सुटते. जी तुळई तुम्हाला फोटोत सुंदर दिसते ती वाळवीने पोकळ झालीये, ठोकलं की डब्यासारखी वाजते. संडास खाली चौकात. माझी सासू ऐंशीची आहे, रात्री दोनदा तो जिना उतरते. दर पावसाळ्याच्या तोंडाला 'धोकादायक' म्हणून नोटीस येते, आम्ही ती सही करून घेतो आणि ताडपत्री बदलतो. भाडं महिना चाळीस रुपये. हो, चाळीस. मालक म्हणजे आता सात चुलतभाऊ, त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत. बिल्डर येतो, सातांपैकी सहांच्या सह्या होतात आणि जातो.

आणि दर रविवारी कुणी ना कुणी चौकात उभं राहून म्हणतं, "अहाहा, काय शांत आहे हो!" शांत आहे, कारण अकरा बिऱ्हाडं गेली.

तुम्ही मागे फिरलात हे बरं केलंत. सगळे फिरत नाहीत. एकाने आमच्या माजघरात वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो 'जुनं पुणं' म्हणून टाकला होता. त्यात माझे परकर होते.

---

टांगेवाला

@पेठकरीण, वाचून वरमलो. आजींना मी 'वाडा बघतोय' म्हणालो, 'तुमचं घर बघू का' असं विचारायचं सुचलंसुद्धा नाही. आत काढलेला एक फोटो होता, काढून टाकला.

---

अनाहूत

पण ताई, मग करायचं काय? तुम्ही म्हणता लोकांनी बघू नये, आणि पाडले की लोक म्हणतात वारसा गेला.

---

पेठकरीण

@अनाहूत, बघू नये असं मी म्हटलेलं नाही. विचारून बघा. दुपारी एक ते चार सोडून. मी स्वतः दाखवीन, आमच्या आडाचं पाणी अजून गोड आहे.

आणि पाडायचं म्हणाल तर माझी सासू उद्या तयार आहे. तिला लिफ्ट हवी आणि घरात संडास हवा. वारशाचं दुःख तिच्यापेक्षा कोथरूडला जास्त होतं.

---

चहाबाज

@पेठकरीण, शेवटच्या वाक्याला +१००. (मी कोथरूडचाच.)

---

परसातला_आड

आडाचा विषय निघालाच आहे म्हणून. माझं आजोळ शनिवार पेठेत नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तेव्हा आजी तिशीची होती. ती ओंकारेश्वराकडच्या बाजूने पाणी 'चालत' आलं म्हणायची, धावत नाही. आधी मोरीतून उलटं वर आलं, मग उंबऱ्यावर, मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. तिसऱ्या पायरीला तिने पोरांना उचललं आणि पर्वतीच्या दिशेने निघाली. वाड्याचं खालचं अंग मातीच्या विटांचं होतं, ते त्या रात्री विरघळलं. वरचा मजला लाकडाच्या सांगाड्यावर दोन दिवस तसाच तरंगत उभा होता, भिंतीवर कॅलेंडर लटकलेलं.

गंमत पुढे आहे. पूर ओसरला आणि नळाला पाणी नाही, कारण खडकवासल्याचं धरणही गेलं होतं. गावभर पाणी आणि प्यायला थेंब नाही. मग शेजारच्या वाड्यातला जुना आड उपसला, गाळ काढला, पोटॅश टाकलं आणि आळीने पुढचे कित्येक दिवस त्यावर काढले. आजी त्यानंतर आयुष्यभर नळाच्या पाण्याला 'सरकारी' म्हणायची आणि आडाच्या पाण्याला 'आपलं'.

नदीकाठच्या पेठांत तुम्हाला सिमेंटच्या इमारती जास्त दिसतात आणि आतल्या पेठांत वाडे जास्त, याचं एक कारण हा पूर आहे. पुढच्या वेळी चालताना बघा.

---

बखळ

@परसातला_आड, सुरेख. 'सरकारी' आणि 'आपलं', वा.

---

अनाहूत

जरा हलकं काहीतरी. टांगेवाले, तुम्ही सोन्या मारुतीवरून गेलात म्हणून विचारतो, पुण्यात देवांना अशी नावं का? आमच्या सोलापुरात मारुती म्हणजे मारुती.

---

चहाबाज

हा प्रश्न म्हणजे धाग्याचं शतक नक्की.

सोन्या मारुती सराफांच्या शेजारी म्हणून. जिलब्या मारुती शेजारच्या मिठाईवाल्यामुळे. पासोड्या विठोबा, कारण देवळासमोर पासोड्या विकायला बसायचे. उंटाड्या मारुती, तिथे उंट बांधायचे. थोडक्यात, देवाला शेजाऱ्यांचं आडनाव.

---

बखळ

त्यात बटाट्या मारुती घाला, शनिवारवाड्याजवळचा. हा महत्त्वाचा, कारण त्याच्या नावात एक अख्खा बाजार शिल्लक आहे. आज वाड्यासमोर जे पटांगण आहे तिथे पूर्वी भाजीबाजार भरायचा. १८८६ साली मंडईची अष्टकोनी इमारत झाली, नाव रे मार्केट, आणि बाजार तिकडे गेला. मारुती मात्र बटाट्यांसकट मागे राहिला.

आणि मंडईची गंमत अशी की तिच्यावर एवढा पैसा घालू नका, तो शिक्षणावर घाला, असं म्हणणारे नगरपालिकेचे एक सभासद होते जोतिराव फुले. पुढे त्याच इमारतीला नाव दिलं महात्मा फुले मंडई. ठराव आचार्य अत्र्यांचा.

खुन्या मुरलीधराचं कुणी विचारू नका. मूर्तीवरून झटापट झाली आणि रक्त सांडलं, इतपत ठीक. कोण, कुणाचे शिपाई आणि किती मेले यावर मागे दुसऱ्या एका धाग्यावर दोनशे प्रतिसाद पडलेत, आणि शेवटी धागा वाचनमात्र करावा लागला होता.

---

गुडघेदुखी

आईला वाचून दाखवलं. ती म्हणते गुपचूप गणपती राहिला. आणि तांबट आळीत तिच्या माहेरचा बंब घडवला होता, तो अजून माळ्यावर आहे, कल्हई कोण करतं ते विचारा.

---

टांगेवाला

@गुडघेदुखी, आईंना सांगा, बंब घेऊनच या. त्या गृहस्थांचे डोळे चमकतील. कल्हईचं मी विचारलं होतं, होते म्हणाले, पण कल्हईवाला रोज नसतो, आधी सांगून ठेवावं लागतं.

---

सनावळी

बऱ्याच उशिरा वाचतोय. टांगेवाले, एक विचारू? सोन्या मारुतीवरून लक्ष्मी रोडने भिडे वाड्याच्या कोपऱ्यावर आलात आणि मग बेलबाग, तुळशीबाग. म्हणजे फरासखान्यापासून हाकेच्या अंतरावर होतात. मग 'हौद शून्य' कसे?

फरासखान्याच्या कोपऱ्यात बाहुलीचा हौद आहे. अजून आहे, उभा आहे. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी बांधलेला. हे फुल्यांचे सत्यशोधक समाजातले सहकारी आणि नामांकित शल्यवैद्य. फुल्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा उपचार यांनीच केले. मुलगी काशीबाई, घरात लाडाचं नाव बाहुली. मुलींनी शिकू नये असा तो काळ, आणि हे तिला शिकवत होते. ती आठेक वर्षांची होऊन गेली. तिच्या नावाने त्यांनी हौद बांधला आणि तो सगळ्या जातींना खुला ठेवला. त्या काळात हौदाचं पाणी 'सगळ्यांना' म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. तिच्या मृत्यूबद्दल ज्या कथा सांगतात त्या मी इथे लिहीत नाही. कात्रजचंच पाणी तिथेही यायचं.

तुमच्या डॉक्टरीणबाई भिडे वाड्यापाशी थांबल्या. तिथून दोनशे पावलं टाकली असती तर.

---

टांगेवाला

@सनावळी, अरे देवा.

आम्ही फरासखान्यावरून गेलो! मास्तरांनी तिथे उभं राहून सांगितलंसुद्धा की फरास म्हणजे जाजमं-गालिचे-तंबू, त्यांचं हे पेशव्यांचं कोठार, आता पोलीस ठाणं. पाचही जणांनी माना डोलावल्या आणि हौदाकडे पाठ करून चहा प्यायला गेलो.

---

चहाबाज

बघा, चहा कमी झाला की असं होतं.

---

टांगेवाला

अपडेट. काल ऑफिस सुटल्यावर एकटाच गेलो. खरं तर एकटा नाही, डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या दवाखाना लवकर बंद करून थेट तिथेच आल्या.

हौद आहे. इतका शेजारी की आदल्या खेपेला माझा हात लागला असेल. दगडी, कोपऱ्यात अंग चोरून, आणि समोर दुचाक्यांची ओळ. हौदावर कोरलेल्या लेखातली वरची अक्षरं लागली, काशीबाईचं नाव लागलं. खालच्या भागासमोर एक स्कूटर उभी होती, तिच्या हँडलला भाजीची पिशवी. आम्ही दोघं वाकून, माना तिरक्या करून वाचतोय हे बघून स्कूटरवाले काका आले. "काय हरवलं का?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घोले, बाहुली, पाणी सगळ्यांना, सगळं. काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बावीस वर्षं इथंच लावतोय." मग पिशवी काढून माझ्या हातात दिली, स्कूटर स्टँडवरून उतरवली आणि हातभर पुढे घेतली. स्वतःच खाली बसले आणि बोट ठेवत ठेवत शेवटची ओळ मोठ्याने वाचू लागले. दोनदा अडखळले, तेव्हा बाईंनी अक्षर सांगितलं.

पिशवीत मेथी होती. अर्धा तास माझ्याच हातात राहिली.

---

पेठकरीण

आता पुढच्या रविवारी आडावर या. पाच जण असाल तर आधी कळवा, जिन्यावर एका वेळी दोघांनीच चढायचं.